डावखुरी

डिलनमध्ये सप्टेंबर म्हणजे
डोंगरउतारावर पिवळं गवत,
पहाटे गाडीच्या काचेवर हिमाचा पापुद्रा,
आणि टँडबर्गच्या दुकानात तीन माणसं, एक वाद.

"एकच घ्यायची असेल तर?"
एवढंच विचारलं होतं मी.
प्रॉन्गहॉर्नपासून मूसपर्यंत एकच रायफल, एकच काडतूस.
कपाटात जागा नाही,
आणि पगार जनावरांच्या डॉक्टरचा.

लायल म्हणाला, तीनशे मॅग्नम.
दरीपलीकडचा एल्कसुद्धा ओळखतो तिला.
वेंडेल म्हणाला, दोन-सत्तर, माझ्या बापाची होती,
आणि तोंड मिटून बसला,
पुढे बोलणं म्हणजे जणू बापाचा अपमान.
ऑर्विल टँडबर्ग काउंटर पुसत म्हणाला, थर्टी-ऑट-सिक्स.
ही कुणी परत आणून देत नाही,
दिलीच तर विधवा देते.
ज्याचं त्याचं कुलदैवत,
नैवेद्य तेवढा ग्रेनमध्ये मोजायचा.

"लाथ मारते हां," लायल अभिमानानं म्हणाला.
दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणतात आमच्याकडे.
मी दुभत्या, भाकड, दोन्हींच्या खाल्ल्यात.
बरगडीतली एक अजून थंडीत बोलते.
लाथ येणार हे ठाऊक असलं
की डोळा आधीच मिटतो,
आणि मिटल्या डोळ्यानं झाडलेली मोठी गोळी
पोटात बसते.
पोटात गोळी बसलेली हरणी किती वेळ जगते
ते गेल्या नोव्हेंबरात
कुंपणाशी गुडघ्यांवर बसून,
इंजेक्शन भरता भरता मोजलंय मी.
कुणाची गोळी, ते कुणी सांगितलं नाही.

आठ हिवाळे फी म्हणून एल्कचं मांस घेतलं,
काळा मसाला लावून शिजवलं,
हाडं चोखली.
आता वाटतं, खाते मी
तर गोळीही माझीच असावी.
एवढाच हिशोब. त्यात शौर्य नाही.

परभणीच्या कॉलेजात शिकले होते:
पुढच्या पायाच्या कोपरामागे,
छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.
रेडा असो, एल्क असो,
हृदय पत्ता बदलत नाही.
हे सांगितलं तेव्हा वेंडेल हसला,
पहिल्यांदाच.

मग मी रायफल खांद्याला लावली
आणि तिघंही गप्प झाले.
डावा खांदा.
बोल्टची मूठ पलीकडे, परक्या घरातल्या कडीसारखी.
गुरुजींनी पट्ट्या मारून
पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात दिली होती,
बाकी सगळं डाव्याकडेच राहिलं.
खांद्यापर्यंत गाईत जातो तो हा हात,
अडलेल्या वासराचं
नाक कुठलं, खूर कुठला,
अंधारात विचारून घेतो.

भिंतीवर बावन्न रायफली.
डावखुरी एक,
तीही मागच्या खोलीत.
ऑर्विलनं आणली, फडक्यानं पुसली, उगाच पुन्हा पुसली.
सात एमएम-शून्य-आठ.
बट एक इंच कापलेला.
कुणासाठी कापला ते त्यानं सांगितलं नाही
आणि किंमत पडत्या आवाजात सांगितली.
गालाला लाकूड लागलं,
दुर्बिणीत समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर
आपणहून येऊन उभं राहिलं.

तासभराचा वाद,
आणि निवडलं ते हातानं.

"मूसला कमी पडेल," लायल म्हणाला.
"मग जवळ जाईन."
"किती जवळ?"
मला माहीत नव्हतं.
वाऱ्याची दिशा, गवताचा आवाज,
त्याचा श्वास दिसेल इतकं, बहुतेक.
आणि नाही जमलं, तर परत येईन.
परत येण्यासाठी कुठलंच काडतूस लहान पडत नाही,
असं काहीतरी म्हणणार होते,
पण इंग्रजीत ते फार शहाणं वाटलं असतं.

फॉर्म आला.
सही उजव्यानं केली, शाळेतल्यासारखी गोल अक्षरात.
डावा तोवर बोल्टवर होता:
वर, मागे,
पुढे, खाली.
"रिकामी आहे ती," ऑर्विल म्हणाला.
म्हटलं, ठाऊक आहे.
आणि पुन्हा एकदा
वर, मागे.